गणपतीहून परत आलो, तर दारात पिसवा

या महिन्याच्या टपालातली निम्म्याहून अधिक पत्रं पिसवांची आहेत. भाद्रपद-आश्विनात दरवर्षी हे असंच होतं. जूनपासून भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट, आणि त्यावर ऑक्टोबरची ऊब. पिसवांना आणखी काय हवं? चरईत दवाखाना उघडल्याला मला एकतीस पावसाळे झाले, एकही कोरडा गेला नाही. म्हणून मांजराचा दमा आणि पोपटाची पिसं पुढच्या अंकात. आज फक्त पिसवा.

एक आधीच सांगते, म्हणजे घोळ नको. पिसू म्हणजे गोचीड नव्हे. गोचीड कातडीला तोंड रुतवून बसते, फुगते, ओढली तरी सहज सुटत नाही. पिसू तिळाहून लहान, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी. केसांतून पळते आणि चिमटीत आली म्हणेपर्यंत गेलेली असते. दिसतच नसेल, तर बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा आणि फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या कुत्र्याचंच पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर मातीच राहील.

प्रश्न : आम्ही ढोकाळीला सातव्या मजल्यावर राहतो. ब्राउनी नावाची चार वर्षांची देशी कुत्री आहे. गौरी-गणपतीला दहा दिवस देवगडला गेलो, तेव्हा तिला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. परत आलो, कुलूप उघडलं, बॅगा हॉलमध्ये टेकवल्या आणि पाच मिनिटांत तिघांच्याही घोट्यांची आग आग. मुलाच्या पायावर एकवीस फोड मोजले. दुसऱ्या दिवशी ब्राउनीला आणायला गेलो तर तीही खाजवत होती. बोर्डिंगवाल्यांशी कडाक्याचं भांडण झालं. पेस्ट कंट्रोल केलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, कुत्रीला दोन महिने गावी पाठवा, घर आपोआप स्वच्छ होईल. पाठवावं का?
— एक वाचक, ढोकाळी, ठाणे

उत्तर : पाठवू नका. आणि जमलं तर बोर्डिंगवाल्यांना एक फोन करा. ब्राउनी घरात नसताना तुम्हाला पिसवा चावल्या, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या बोर्डिंगमधून कशा येतील? तुम्ही देवगडच्या गाडीत बसलात तेव्हाच त्या तुमच्या हॉलमध्ये होत्या. ब्राउनीनेच दोन-चार तिकडे नेल्या असण्याची शक्यता जास्त.

झालं असं. अंगावरची एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. अंडी गुळगुळीत, केसांना चिकटत नाहीत. ब्राउनी जिथे झोपते, जिथे अंग झाडते, तिथे ती मिठासारखी सांडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून अळी निघते. अळी चावत नाही, उजेडाला घाबरते, सोफ्याखाली, गादीच्या शिवणीत, लाद्यांच्या फटीत शिरते. आणि खाते काय? अंड्यांबरोबर वरून सांडलेली मोठ्या पिसवांची विष्ठा. आईने शहरात शिकणाऱ्या पोराला डबा पाठवावा तशी ही व्यवस्था आहे. आठवड्या-दोन आठवड्यांनी अळी स्वतःभोवती रेशमी कोश विणते. त्या चिकट कोशाला धूळ आणि केस लागले की तो कुणालाच दिसत नाही. आत पूर्ण वाढलेली पिसू तयार असते, पण ती बाहेर यायची घाई करत नाही. आठवडेच्या आठवडे, कधी पाच-सहा महिनेसुद्धा, ती तशीच बसून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की काही सेकंदांत बाहेर.

एरवी रोज थोड्या-थोड्या बाहेर पडून ब्राउनीवर चढत होत्या, म्हणून तुम्हाला पत्ता नव्हता. दहा दिवस घरात कुणी चाललंच नाही, सगळ्या साठून राहिल्या. मग कुलूप उघडलं, बॅगा आपटल्या, मुलगा पळत बाथरूमला गेला. सगळ्यांना एकदम जाग आली, समोर कुत्री नाही, मग तुमचे घोटे. तिला गावी पाठवलंत तर दोन महिने हेच चालू राहील.

हे सगळं मला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकवलं होतं, मार्कही बरे होते. कळलं मात्र घरात. लग्नानंतर आम्ही चरईतच एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहायचो. मनी नावाची मांजर होती. घरात डॉक्टर आणि घरातच पिसवा. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी तीन वेळा फवारलं. दर वेळी दोन आठवडे शांतता की पुन्हा सुरू. औषध भेसळीचं आहे असं दुकानदाराला भर रस्त्यात सुनावूनही आले. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी सासूबाईंनी दिवाणाखालची सतरंजी ओढून काढली. मनीची दुपारची झोप त्या घडीवर व्हायची, हे मला माहीतच नव्हतं. घडी उलगडली तर आत मीठ आणि मिरपूड एकत्र सांडावी तसं: पांढरी अंडी, काळे कण. मी बॅटरीचा झोत टाकला तेव्हा त्यातले पांढरट दोऱ्याचे बारीक तुकडे वळवळायला लागले आणि उजेडाकडे पाठ करून पुढच्या घडीत शिरले. मी इतके दिवस भिंतीच्या कडा भिजवत होते! दुकानदाराकडे नंतर पेढे घेऊन गेले. निमित्त दुसरंच सांगितलं.

तेव्हा आधी तुमच्या घरातली ही सतरंजी शोधा. ब्राउनी दिवसा कुठे लोळते, रात्री कुठे, पावसात भिजून आली की कुठे अंग घासते. सोफ्याची सीट उचलून खाली बॅटरी मारा. पायपुसणी, तिचं अंथरूण, खुर्चीवरच्या उश्यांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. मशीनवर ६० अंश असेल तर तेच. गाद्या उन्हात टाका. व्हॅक्युम असेल तर रोज फिरवा आणि कचरा लगेच पिशवीत बांधून खाली टाका, मशीनमध्ये ठेवू नका. नसेल तर खराट्याने फटी झाडा. कोश धाग्यांना घट्ट धरून असतात, ते सगळे निघणार नाहीत, पण त्या हादऱ्याने पिसवा बाहेर पडतात, आणि बाहेर पडलेली पिसू मारता येते. कोशातली येत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्याने तुम्हाला फसवलंय असंही नाही, औषध कोशाच्या आत पोचत नाही एवढंच. पुन्हा बोलवाल तेव्हा त्याला विचारा, अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं काही मिसळतो का. मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सीफेन ही त्यातली नावं. फवारा सुकेपर्यंत कुणी आत जायचं नाही. फिशटँक असेल तर झाकून हवेचा पंप बंद ठेवा, या औषधांनी मासे पटकन मरतात. आणि कामवाल्या मावशींना सांगून ठेवा: दोन आठवडे कडांना आणि सोफ्याखाली ओलं फडकं नाही. आपल्याकडे हजारो रुपयांचं औषध दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतून मोरीत जातं.

आता ब्राउनी. तिला घरातच ठेवा, मात्र औषध देऊन. अंगात औषध असलेली कुत्री म्हणजे घरभर हिंडणारा सापळा. कोशातून निघालेली प्रत्येक पिसू तिच्यावर चढेल आणि अंडी घालायच्या आत मरेल. मानेवर टाकायचं फिप्रोनिल महिन्याला एकदा, किंवा खायची गोळी: अफॉक्सोलॅनर महिन्याला, फ्लुरालॅनर साधारण १२ आठवड्यांतून एकदा. कोणती, किती, हे वजन करून तुमचे डॉक्टर ठरवतील. तिला कधी फिट आली असेल तर गोळी घ्यायच्या आधी सांगाच. या गटातल्या गोळ्यांनी काही जनावरांना झटके येतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१८मध्ये तसा इशारा दिला होता. मानेवरचं औषध टाकणार असाल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. कातडीच्या तेलातून ते अंगभर पसरतं, आणि आपण नेमकं त्याच सकाळी शाम्पूने ते तेल धुऊन काढतो.

हे तीन महिने सलग. एक महिना झाला, खाजवणं थांबलं, आता कशाला, असं करू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा दोन-चार पिसवा दिसतील, त्या जुन्या कोशांतल्या. औषध बदलू नका, मला शिव्याही देऊ नका.

प्रश्न : कडुलिंब, लसूण, कापूर, डांबरगोळ्या, रॉकेल. यातलं पिसवांवर नक्की काय चालतं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. डांबरगोळ्या आणि कापूर त्यांना विषारी. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं तर फुफ्फुसात जातं. फिनेलने लादी पुसून मांजर त्यावर चालवलंत तर पाय चाटताना ते पोटात जातं. कडुलिंबाचा पाला गादीखाली ठेवा, वास छान येतो. चालतं ते म्हणजे बारीक फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते.

प्रश्न : आमच्याकडे लॅब्रेडोर आणि मांजर दोन्ही आहेत. कुत्र्यासाठी आणलेल्या मानेवरच्या औषधातलं थोडं उरलं आहे. मांजर लहान, तर दोन थेंब टाकले तर चालतील का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : हे उत्तर वाचून होईपर्यंत ती ट्यूब मांजरापासून लांब, कपाटात ठेवा.

डब्यावर बारीक अक्षरांत पर्मेथ्रिन लिहिलं आहे का बघा. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत ते असतं. कुत्रा ते पचवतो, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. प्रश्न थेंब किती हा नाहीच. गेल्या पावसाळ्यात कोपरीहून एक बाई भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन आल्या. ‘थंडी वाजतेय तिला’ म्हणाल्या. बाहेर उकाडा. मी पिशवी उघडली तर कानांची टोकं फडफडत होती, मग गालांची कातडी, मग पाठ, जसा पाण्यावर वारा जावा. तोंडातून लाळ. मुलाने आदल्या रात्री प्रेमाने कुत्र्याच्या औषधाचे ‘फक्त’ चार थेंब टाकले होते. दोन रात्री सलाइनवर, झटक्यांच्या औषधावर ठेवली तेव्हा वाचली. सगळ्या वाचत नाहीत.

चुकून टाकलं गेलंच, तर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून लगेच धुवा. गरम पाणी नको, त्याने औषध आणखी आत जातं. टॉवेलात गुंडाळा आणि थरथर सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. लॅबवर असं औषध टाकलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका, चाटू तर मुळीच नको.

मांजरासाठी मांजराचंच औषध आणा. फिप्रोनिलची मांजराची ट्यूब किंवा सेलामेक्टिन. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना औषध नाही, फणीच. पण पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर फणीवर थांबू नका. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा खरोखर संपवतात. घरात ससा असेल तर त्याला फिप्रोनिल कधीही नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात-आठ मांजरं आहेत. मीटर रूमपाशी गेलं की पायावर पिसवा चढतात. जनरल बॉडीत मांजरं खाडीकडे सोडून यायचा ठराव येतो आहे. मी सेक्रेटरी आहे, काय करू?
— एक ज्येष्ठ नागरिक, नेरूळ

उत्तर : काका, ढोकाळीच्या ताईंना दिलेलं उत्तर मीटिंगमध्ये वाचून दाखवा. मांजरं गेली की मीटर रूममधले कोश कुठे जाणार? पुढचे कित्येक आठवडे त्यातून निघणाऱ्या भुकेल्या पिसवांना तुमच्या सभासदांशिवाय कुणी मिळणार नाही. शिवाय रिकाम्या जागेत दुसरी मांजरं येतील, तीही औषध न घेतलेली.

मीटर रूमपाशी काय पडलंय ते मला लिहिलं नाहीत, पण अंदाज करते. रंगकामातली उरलेली वाळू, कुणाची तरी जुनी गादी, वॉचमनचं पोतं. बरोबर? अळीला सावली, दमट हवा आणि भुसभुशीत जागा लागते. ऊन आणि कोरडेपणा तिला मारतो. गादी-पोतं फेका, वाळू उन्हात पसरा नाहीतर उचलून द्या, गळका पाइप दुरुस्त करा. मग फवारणी. आणि मांजरांना खायला घालणाऱ्या ताई तुमच्या सोसायटीत असतीलच, त्यांना शत्रू समजू नका. मांजरं हातात येतात ती फक्त त्यांच्याच. औषध त्यांच्याकडून टाकून घ्या, खर्च सोसायटीने करावा. ते औषध एका फवारणीहून महाग पडणार नाही असं मी म्हणणार नाही, पण दर महिन्याच्या फवारणीहून स्वस्त पडेल.

प्रश्न : आमच्या मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी हलताना दिसलं. घरात पिसवाही आहेत, आणि दीड वर्षाचा नातू रांगतो. माझी आजी प्लेगच्या साथीच्या गोष्टी सांगायची, घरात उंदीर पडला की माणसं घर सोडून माळावर झोपड्या बांधायची म्हणे. तेव्हापासून पिसवांची धास्ती आहे.
— एक आजी, नौपाडा

उत्तर : आजी, प्लेगचं आधी मिटवू. १८९६ला मुंबईत आला तो प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरवला. पिसू हेच वाहन आहे हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत दाखवलं, आणि तेव्हा त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळायच्या; तुमच्या आजीच्या लोकांनी शास्त्र न वाचता घर सोडलं, ते अगदी बरोबर होतं. तुमच्या घरातली पिसू मांजराची आहे, जात वेगळी. ठाण्यात तिच्यापायी प्लेगची काळजी करू नका. घरात उंदीर मरून पडायला लागले तर मात्र हात न लावता महापालिकेला कळवा.

ते तांदळाचे दाणे म्हणजे पट्टकृमीचे तुकडे. वाळले की तिळासारखे दिसतात. याची अंडी पिसवांच्या अळ्या खातात, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि जंत पोटात वाढतो. म्हणून नुसती जंताची गोळी दिली की महिन्याभरात दाणे परत. प्राझिक्वाँटेल आणि पिसवांचं औषध बरोबरच द्यायचं. नातवालाही हा जंत होऊ शकतो, पण पिसू पोटात गेली तरच, आणि असं क्वचित होतं. त्याच्या लंगोटात तसे दाणे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर त्याची रांगायची चटई आणि मांजराची झोपायची जागा वेगळी ठेवा. मांजराला हाकलू नका.

प्रश्न : मी पाचवीत आहे. पिसू किती उंच उडते? आई म्हणते छतापर्यंत. आमच्या टायगरला पिसवा आहेत.
— वाशी

उत्तर : आईला सांग, छतापर्यंत नाही. फ्रान्समध्ये तुलूझच्या शास्त्रज्ञांनी पिसवांच्या उड्या खरंच मोजल्या. कुत्र्याची पिसू सरासरी १५ सेंटिमीटर उंच गेली, मांजराची १३. यासाठी त्यांना २००८मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. पिसूला पंख नसतात. तिच्या अंगात रेझिलिन नावाचा रबरासारखा पदार्थ असतो, तो ती दाबून धरते आणि सोडते, बेचकीसारखा. गंमत म्हणजे कुत्र्यांच्या अंगावरही बहुतेक वेळा मांजराचीच पिसू सापडते, तुमच्या टायगरच्याही तीच असणार.

आता तुला काम. संध्याकाळी गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घाल आणि टायगरच्या जागेभोवती दोन मिनिटं पाय आपटत चाल. मग मोज्यावरचे काळे ठिपके मोज, वहीत तारीख घालून लिही आणि मोजे थेट साबणाच्या गरम पाण्यात टाक. टायगरचं औषध सुरू झालं की दर रविवारी हेच कर. आकडा एखाद्या रविवारी वाढला तरी खाडाखोड करायची नाही. बारा रविवार झाले की वहीचं ते पान मला पाठव.